शब्दचर्चा: ‘काळी पाच’, ‘वरची पट्टी’ आणि ‘पट्टीचा गवई’

झील: संगीत नाटकांच्या काळातल्या एका गायक नटावरचा लेख तपासतोय. एके ठिकाणी ‘ते काळी पाच पट्टीत गात’ असं आहे, पुढे ‘ते वरच्या सप्तकात गात’. दोन्हींचा अर्थ एकच का? आणि ‘पट्टीचे गवई’ यातली पट्टी तीच का?

दोनभाता: एकच नाही. पट्टी म्हणजे मुळात पेटीची (हार्मोनियमची), बोटाखाली दबते ती पट्टी. गाणारा जिला आपला सा मानतो ती त्याची पट्टी. सप्तक म्हणजे त्या सा-पासून वरच्या सा-पर्यंतचा टप्पा. काळी पाचला गाणाराही मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरतोच, आणि पांढरी एकचा गवई तार षड्जावर (वरच्या सा-वर) ठाण मांडून बसू शकतो. लेखकाला ‘चढ्या पट्टीत’ म्हणायचं असणार. ‘वरच्या सप्तकात’ काढून टाका.

पट्ट्या मोजायच्या अशा: दोन काळ्यांची जोडी शोधा. तिच्या डाव्या काळीला डावीकडून लागून असलेली पांढरी ती पांढरी एक. जोडीतल्या काळ्या एक आणि दोन, पुढच्या तिघी तीन, चार, पाच. पेटीच्या डाव्या टोकापासून मोजू नका, सगळ्या पेट्या पांढरी एकपासून सुरू होत नाहीत. चढता क्रम: पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन, पांढरी चार, काळी तीन, पांढरी पाच, काळी चार, पांढरी सहा, काळी पाच, पांढरी सात. लोक फसतात ते इथे, कारण आकडे सारख्या अंतराने पडत नाहीत. पांढरी तीन आणि चार यांच्यात अर्ध्याच सुराचं अंतर, तर काळी दोन ते काळी तीन दीड सूर. ‘एक पट्टी उतरा’ म्हटलं की काळी चारवरून पांढरी पाचला यायचं, काळी तीनला नाही. कुणी ‘एक सूर उतरा’ म्हणालं तर मात्र काळी तीन बरोबर.

पुडी: भाषेचा मुद्दा: ‘काळी पाच पट्टीत’ हे जरा जड होतं. बोलताना ‘काळी पाचला गातात’ किंवा ‘त्यांचा सूर काळी पाच’ म्हणतात. पांढरीला सफेदही म्हणतात, ‘सफेद चार’ मराठी बैठकांत सर्रास ऐकू येतं. हल्ली विद्यार्थी ‘माझी स्केल काळी चार’ म्हणतात. पाश्चात्त्य संगीतात स्केल म्हणजे सुरांची मालिका, सा-ची जागा नव्हे, पण हा वापर आता रुळलाय, त्यावर भांडण्यात अर्थ नाही.

तबल्यालाही हेच नाव लागतं. ‘काळी एकचा तबला’ म्हणजे साधारण साडेपाच इंच तोंडाचा दाया (उजव्या हाताचा तबला). काळी चारला सहा इंचांच्या आसपासचा लागतो. लहान तोंडाचा तबला तितका उतरवला की वादी (ताण देणारी चामड्याची पट्टी) सैल पडते आणि चाट (कडेवरचा नाद) मरते. मोठा तबला हाताशी नसेल तर काळी एकचाच तबला काळी चारच्या गाण्यात मध्यमाला (म-ला) चालून जातो, कारण काळी चारचा मध्यम म्हणजेच काळी एक. रागात शुद्ध मध्यमच नसेल तर मात्र हे करू नये, कानाला टोचत राहतं.

खर्ज: मूळ वाक्यात आणखी एक गोची आहे, ती कुणी धरली नाही. पट्टीचं नाव सप्तक सांगत नाही. काळी पाच २३३ हर्ट्झचीही असते आणि तिच्या खालची ११६.५ चीही. पहिली बायकांच्या गळ्यातली, पुरुषासाठी फार चढी. दुसरी चांगली ढाली, म्हणजे खालची. आज पुरुष बहुधा पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास गातात, बायका पांढरी पाच ते काळी पाच. पुरुषाची काळी एक (१३८.६) आणि बाईंची काळी चार (२०७.७) यांत पुरता पंचम (सा ते प एवढं अंतर) पडतो. स्त्री-पुरुष जुगलबंदी अडते ती याच कारणाने. पंडित जसराज यांच्या ‘जसरंगी’ या जुगलबंदीच्या प्रकारात त्यावर तोड अशी: पुरुषाचा मध्यम तोच बाईंचा सा, आणि दोघांचे राग वेगळे.

ही नावं पेटीबरोबर आली. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये १८४२ चं. त्याआधी तंबोरा गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे सुरात लावायचा. सूर चढा, उतरा किंवा ढाला एवढंच बोललं जाई. किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० मध्ये रंगभूमीवर आलं तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हते, पद शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर पट्टी चढवणं भाग होतं. त्यामुळे नाटकवाल्याची काळी पाच अशक्य नाही. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला बाहेर ठेवलं, पण पेटीने दिलेली ही नावं काही गेली नाहीत.

झील: लेखकाने ही पट्टी तबकडीवरून काढली आहे. फोनवरचं स्वर दाखवणारं ॲप लावून.

खर्ज: मग सावध. जुन्या तबकड्या सगळ्या ७८ फेऱ्यांनीच कोरलेल्या नसत. ७८ ची तबकडी ८० ने फिरली तर सूर सुमारे ४४ सेंट (एका पट्टीचे शंभर) चढतो, म्हणजे जवळजवळ अर्धी पट्टी. ८२-८३ ने फिरली तर पूर्ण एक. ॲपने काळी पाच दाखवली तर गाणं पांढरी सहाचंही असू शकेल. ‘काळी चार-पाचच्या आसपास’ लिहा. गवयाबरोबर पेटी वाजत असेल तर तिच्यावरूनही खात्री नको, तीही त्याच वेगाने चढलेली असते.

दोनभाता: आणि आठवणींवरूनही नको. स्केलचेंजर पेटीत पट्ट्यांचा संच सरकतो. वादक पांढरी एक दाबतो, वाजते काळी चार. पाहणारा सांगतो, ‘पांढरी एकला गायले.’

पुडी: ‘पट्टीचा’ राहिलंच. पट्टीचा पोहणारा असतो, पट्टीचा खवय्याही. त्यांना कुठली आली पेटी! तिथे अर्थ तरबेज, कसलेला. ‘वरच्या पट्टीत बोलू नकोस’ यातली पट्टी मात्र सुराचीच. एकाच परिच्छेदात ‘पट्टीचे गवई’ आणि ‘चढी पट्टी’ आले तर पहिल्या जागी ‘कसलेले’ करा.