कोर्ट चुकतं की पंचनामा? एका पंचाचा कबुलीजबाब

बार्देसचा दुकानदार

परवा चहाच्या गाड्यावर मुंबई लोकल स्फोटांचा विषय निघाला. 2006 चे स्फोट, 2015 मध्ये बारा जणांना शिक्षा, त्यांतल्या पाच जणांना फाशी, आणि 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. (प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यावरून इथे भांडू नका.) एकाने विचारलं, एवढे शिकलेले न्यायाधीश चुकतात कसे? सगळे न्यायाधीशांवर घसरले. मी गप्प बसलो. चूक कुठे होते ते मला ठाऊक आहे, कारण एक माझ्या हातून झाली आहे.

जानेवारी 2011. माझं दुकान गोव्यात एका पोलीस स्थानकाच्या समोर, कुठलं ते विचारू नका. दुपारी दोनच्या सुमाराला ओळखीचा हवालदार आला, "पात्रांव, दोन मिनिटं या, सही पाहिजे." शटर अर्धं ओढून गेलो. टेबलावर खाकी पाकीट, लाखेचं सील आधीच मारलेलं. लाख अजून मऊ होती हे पक्कं आठवतं, कारण माझं बोट लागून ठसा बिघडला आणि हवालदार खेकसला. मेणबत्ती पेटवून त्याने ते पुन्हा मारलं. बाकावर विशी-बाविशीचा एक पोरगा, शॅकवर (किनाऱ्यावरच्या हॉटेलात) काम करणारा, बाहेरच्या राज्यातला. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. पंचनामा इंग्रजीत, साडेतीन पानं. मी चार सह्या केल्या आणि दुकानात परत आलो. मला इंग्रजी वाचता येतं. वाचलं नाही.

त्यात काय लिहिलंय ते 2015 मध्ये समन्स आल्यावर कळलं. कोर्टाच्या व्हरांड्यात एका शिपायाने कागद हातात दिला, "वाचून घ्या, घोळ नको." मी म्हणे किनाऱ्यावरच्या पार्किंगमध्ये हजर होतो, माझ्यासमोर झडती झाली, माझ्यासमोर चरस तोलला. त्या दिवशी मी दुकान सोडून स्थानकापलीकडे गेलो नव्हतो. कायद्याला झडतीसाठी त्या भागातले 'स्वतंत्र आणि प्रतिष्ठित' रहिवासी लागतात. माझी प्रतिष्ठा एवढीच की दुकान समोर होतं.

सही तुमची? हो. सील तुमच्यासमोर लावलं? हो. आरोपीच्या वकिलाने उलटतपासणीत चार प्रश्न विचारले, त्यातला एक माझ्या धंद्याविषयी. पोराला सात वर्षांची शिक्षा झाली.

तो दोषी होता की नव्हता, मला आजही माहीत नाही. न्यायाधीशालाही माहीत नव्हतं. त्याच्यापुढे माझी सही होती, वरच्या कोर्टापुढेही तीच असणार. बोला आता.

निवृत्त खाकी

बोलतो. शपथेवर खोटं तुम्ही बोललात आणि खापर आमच्यावर?

31 वर्षं वर्दीत काढली. रात्री दीड वाजता किनाऱ्यावर प्रतिष्ठित पंच कुठून आणू? पर्यटकाचं सकाळी विमान असतं. शॅकवाला म्हणतो मालकाला विचारा. गावातला माणूस म्हणतो, साहेब, कोर्टाच्या फेऱ्या कोण मारणार, भाडं कोण देणार. मग उरतो तो समोरचा दुकानदार. पद्धत चुकीची, मान्य. पण त्यावरून माल खोटा होता असं ठरत नाही.

आणि गोव्याचा रोग उलटा आहे. इथे निर्दोष आत जाण्यापेक्षा दोषी बाहेर फिरतो. हणजूण, फेब्रुवारी 2008. 15 वर्षांची ब्रिटिश मुलगी किनाऱ्यावर मृत सापडली. 2016 मध्ये बाल न्यायालयात दोन्ही आरोपी सुटले. उच्च न्यायालयाने 2019 मध्ये एकाला दहा वर्षं दिली, तोपर्यंत अकरा वर्षं गेली. शिरोड्याच्या 'दुपट्टा किलर'ने, दुपट्ट्याने बायकांचे गळे आवळणाऱ्या महानंद नाईकने, 2009 मध्ये सोळा खून कबूल केले. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. किती खटल्यांतून सुटला ते मोजा.

वकील मंडळी 'शंभर गुन्हेगार सुटले तरी चालतील' हे सुभाषित फेकतात. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 1973 च्या शिवाजी बोबडे निकालात त्याचीच खरडपट्टी काढली आहे. संशयाचा फायदा किती ताणायचा याला मर्यादा आहे, दोषी सुटणं हाही न्यायाचा पराभवच, असं त्यांनी लिहिलंय. आणि ते काही पोलिसांच्या बाजूचे म्हणून ओळखले जात नव्हते.

फोंड्याची वकीलबाई

खाकीकाका, बोबडे निकाल अर्धाच वाचलात. त्याच निकालात आहे की आरोपी दोषी 'असू शकेल' आणि 'असलाच पाहिजे' यांच्यातलं अंतर फार मोठं आहे, आणि ते ओलांडल्याशिवाय शिक्षा देता येत नाही. मजा म्हणजे दोन्ही बाजूंचे वकील आपापला परिच्छेद वाचून दाखवतात आणि खाली बसतात.

हे अंतर आपल्याकडे कसं बुजतं ते सांगते. साक्षीदार कोंकणीत बोलतो, न्यायाधीश इंग्रजीत मजकूर सांगतात, स्टेनो टाइप करतो. माझ्या एका खटल्यात साक्षीदार म्हणाला, "तसोच दिसता." कागदावर आलं, 'हाच तो इसम'. मी उठून हरकत घेतली म्हणून दुरुस्त झालं. त्या दिवशी मला ताप असता आणि मी ज्युनिअरला पाठवलं असतं तर? अपिलातले न्यायमूर्ती साक्षीदाराचा चेहरा बघत नाहीत, टाइप केलेलं पान बघतात.

तरी दुकानदारबाब, सगळं पंचनाम्यावर टाकू नका. माझ्या मते सगळ्यात घातक ओळख असते, प्रामाणिक साक्षीदाराची चुकलेली ओळख. महाराष्ट्रातलं अंकुश मारुती शिंदे प्रकरण बघा. 2003 चा गुन्हा, भटक्या जमातीतले सहा आरोपी. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधल्या चार भलत्याच माणसांकडे बोट दाखवलं होतं. त्या चौघांचा तपासच झाला नाही. नंतर ओळख परेडमध्ये तिने या सहांतल्यांना ओळखलं. 2009 मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली, आणि 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही निर्दोष सोडले. मधली सोळा वर्षं तुरुंगात. भरपाई प्रत्येकी पाच लाख. अल्बमचा कागद पहिल्यापासून कुठेतरी होताच, तो उलगडून दाखवणारा वकील त्यांना वेळेवर मिळाला नाही.

आणि काका, हणजूणचं उदाहरण तुमच्या बाजूचं नाही. तिथे पहिल्या दिवशी पोलीस म्हणत होते, 'बुडून मृत्यू'. आई हटून बसली म्हणून दुसरं शवविच्छेदन झालं आणि अंगावर पन्नासच्या वर जखमा निघाल्या. दोषी सुटतो तोही त्याच टेबलावरून.

रोखठोक

एवढं लांबण कशाला. ज्याच्याकडे पैसे तो सुटतो, ज्याच्याकडे नाहीत तो जातो. विषय संपला.

फोंड्याची वकीलबाई

संपत नाही. मोफत वकील मिळतो, कायद्याने मिळतो. प्रश्न असा की तो आरोपीला पहिल्यांदा कधी भेटतो. पुष्कळदा कोर्टाच्या दारात, सुनावणीच्या दहा मिनिटं आधी. कोलवाळच्या तुरुंगात जाऊन तासभर बसणारा विरळा.

डिचोलीकरीण

मी कायद्यातली नाही. 2013 च्या चवथीच्या आदल्या आठवड्यात माझ्या मावशीला तिच्याच घरात मारलं. दोन पाटल्या आणि गंठण नेलं. पाटल्या सापडल्या तेव्हा ओळखायला मला बोलावलं. एकीच्या कडेला चपटा भाग होता, लहानपणी मी ती घालून उंबऱ्यावर आपटली होती. मी लगेच ओळखली.

पकडलेला सहा वर्षांनी सुटला. एक पंच म्हणाला, सही माझी, पण मी काही बघितलं नाही. दुसरा म्हणाला, आठवत नाही. इथे सगळे निरपराध आरोपीसाठी डोळे पुसताहेत. त्या दिवशी कोर्टाबाहेर तो पंच पेपर घेऊन, घडी घालून, बसला चढला. दुकानदारबाब, तुम्ही त्याच्या जागी असतात तर मी तुम्हाला दगड मारला असता.

बार्देसचा दुकानदार

बाय, मारला असतात तर मी काही बोललो नसतो.

पर्वरीचा आयटीवाला

माफ करा, पण हे सगळं जुन्या जगातलं चाललंय. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे लागू आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण करावंच लागतं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. दुकानदारांचा किस्सा आज घडूच शकत नाही. डीएनए आणि कॅमेरा खोटं बोलत नाहीत.

निवृत्त खाकी

बाळ, कॅमेरा चालू कधी करायचा ते बटण कोणाच्या बोटाखाली असतं? (माझ्या पोटावर पाय येतोय, पण खरं ते खरं.)

फोंड्याची वकीलबाई

काकांना आज माझा नमस्कार.

आयटीवाले, यंत्राविषयी दोन गोष्टी. ब्रिटनमध्ये पोस्टाच्या हिशेबाच्या प्रणालीने तूट दाखवली म्हणून 1999 ते 2015 या काळात नऊशेवर पोस्टचालकांना शिक्षा झाल्या. पैसे कोणी चोरले नव्हते, प्रणाली चुकत होती. पण संगणक बरोबरच चालतो असं धरूनच तिथली कोर्टं बसली होती. अखेर 2024 मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा पुसाव्या लागल्या. दुसरी, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये अमली पदार्थ तपासणारी एक रसायनतज्ज्ञ नमुने न तपासताच अहवाल द्यायची. 2017 मध्ये एकवीस हजारांहून जास्त खटले रद्द झाले. खाली सही आणि शिक्का व्यवस्थित होता, आपल्या दुकानदारबाबांच्या सहीसारखाच.

चित्रीकरण यावं, मीच मागते. पण पाकीट टेबलावर आल्यानंतर सुरू झालेलं चित्रीकरण हा चांगल्या प्रकाशातला तोच पंचनामा.

पर्वरीचा आयटीवाला

म्हणजे काहीच करायचं नाही? चित्रीकरण कधी सुरू झालं, मध्ये तुटलं का, याची नोंद आपोआप राहते. ती मागा ना कोर्टात. तुम्ही वकील ती मागत नाही हा तुमचा आळस, यंत्राचा दोष नाही.

फोंड्याची वकीलबाई

हे मात्र बरोबर. लागलं.

डिचोलीच्या बाईंना मात्र एक सांगायचं होतं. कर्क ब्लड्सवर्थ नावाचा अमेरिकन माणूस, 1985 मध्ये एका लहान मुलीच्या खुनासाठी त्याला फाशीची शिक्षा झाली. पाच साक्षीदारांनी त्याला ओळखलं होतं, पाचही प्रामाणिक. 1993 मध्ये डीएनएमुळे सुटला. दहा वर्षांनी खरा खुनी सापडला, तो त्याच तुरुंगात खालच्या मजल्यावर दुसऱ्या गुन्ह्याची शिक्षा भोगत होता. त्या मुलीच्या घरच्यांनी इतकी वर्षं भलत्याच माणसाचा राग केला.

डिचोलीकरीण

अमेरिकेचं मला सांगू नका. आमचा सुटला तोच होता.

निदान मी तसं धरून चाललेय. पाटल्या त्याच्या खोलीत मिळाल्या असं पोलीस म्हणाले. पंच म्हणाला बघितलं नाही. हा धागा वाचल्यापासून काल रात्री झोप नाही. पंच घाबरून फिरला असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. त्याने खरंच काही बघितलं नसेल, तर पाटल्या कुठून आल्या?

निवृत्त खाकी

बाई, पाटल्या खऱ्या होत्या, तुम्ही स्वतः ओळखल्यात. पंच फितूर झाला म्हणून मुद्देमाल खोटा होत नाही. एवढ्यावरून मन खाऊ नका.

फोंड्याची वकीलबाई

पाटल्या खऱ्या, हे कोणीच नाकारत नाही. पोलिसांपुढची कबुली चालत नाही, पण तिच्यातून जी वस्तू सापडते तेवढा भाग चालतो, पुरावा कायद्याचं जुनं कलम 27. म्हणून सगळा जोर वस्तू 'सापडण्यावर' येतो. ती कुठे, कोणाच्या समोर मिळाली, तेवढंच पंचाने सांगायचं असतं. अक्षरधाम मंदिरावरच्या हल्ल्याच्या खटल्यात मेलेल्या हल्लेखोरांच्या खिशातली म्हणून उर्दू पत्रं दाखवली होती. कपडे रक्ताने भरलेले, गोळ्यांनी फाटलेले, आणि पत्रांवर ना डाग ना भोक. हे सर्वोच्च न्यायालयाला खटकलं आणि सहाही आरोपी सुटले, त्यांतले तिघे फाशीचे. तो दिवस 16 मे 2014, सगळा देश लोकसभेचे आकडे बघत होता.

रोखठोक

ते जाऊ दे. दुकानदार, तो पोरगा कुठे आहे आता?

बार्देसचा दुकानदार

माहीत नाही. शिक्षा कधीच संपली असेल. अपील झालं की नाही तेही ठाऊक नाही. समन्सचा कागद गल्ल्याच्या खालच्या खणात आहे, खटल्याचा नंबर आहे त्यावर. दर दिवाळीला खण साफ करताना हातात येतो, परत ठेवतो.

फोंड्याची वकीलबाई

नंबर मला खाजगीत पाठवा. शिक्षा भोगून झाली तरी निकाल तसाच आहे, नोकरीच्या अर्जात तो पाठ सोडत नाही. अपील झालं नसेल तर उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. बघू.

निवृत्त खाकी

थांबा. दुकानदार, नंबर पाठवण्याआधी एक ऐका. तुम्ही प्रतिज्ञापत्र केलंत की शपथेवर खोटं बोलल्याचं तुम्हीच लिहून देता. दंड संहितेचं जुनं कलम 193, सात वर्षांपर्यंत शिक्षा. कोर्टाने स्वतः तक्रार केल्याशिवाय खटला उभा राहत नाही, पण कोर्ट करूही शकतं. या बाई त्या पोराच्या वकील होतील, तुमच्या नाही. आधी स्वतःचा वेगळा वकील करा. मग खण उघडा.

बार्देसचा दुकानदार

सोमवारी दुकान बंद ठेवतो.