मदत हवी आहे: एनएबीएल लॅबचा रिपोर्ट असूनही आमचे पथदिवे नाकारले

नमस्कार मंडळी,

ठाण्यात वागळे इस्टेटला आमचा गाळा आहे. बाबा तिथे ट्यूबलाइटचे चोक बनवायचे. मी एलईडी पथदिवे आणि फ्लडलाइट बनवते. मला धरून नऊ माणसं आहोत. रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या अंतर्गत रस्त्यांसाठी ९० वॅटच्या १४० फिटिंगची ऑर्डर एका कंत्राटदारामार्फत मिळाली. आमच्यासाठी ही फार मोठी ऑर्डर आहे.

स्पेसिफिकेशनमध्ये अट होती की फोटोमेट्रीचा (प्रकाशाच्या मोजणीचा) रिपोर्ट एनएबीएल (चाचणी लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त लॅबचाच हवा. मी तशीच लॅब शोधली (नाव देत नाही). दारावरच्या पाटीवर एनएबीएल, कोटेशनवर एनएबीएल, फोनवर विचारलं तर "हो मॅडम, आम्ही एनएबीएल आहोत". पैसे भरले, फिटिंग दिल्या, रिपोर्ट आला. पहिल्या पानावर एनएबीएलचं चिन्ह पाहून मी निर्धास्त झाले आणि फाइल पुढे पाठवली.

गुरुवारी ती परत आली. कन्सल्टंटने पेन्सिलने दोन ठिकाणी गोल केले आहेत. पहिला गोल यूएलआर नंबरच्या (एनएबीएल रिपोर्टवरचा ओळख क्रमांक) शेवटच्या अक्षराभोवती, तिथे 'पी' आहे. दुसरा चौथ्या पानावर, 'ल्युमिनस इंटेन्सिटी डिस्ट्रिब्यूशन' (कुठल्या दिशेला किती प्रकाश) या ओळीपुढच्या चांदणीभोवती. पानाच्या तळाशी अगदी बारीक अक्षरात लिहिलंय की चांदणी असलेल्या चाचण्या लॅबच्या एनएबीएल स्कोपमध्ये (मान्यता मिळालेल्या चाचण्यांच्या यादीत) नाहीत. ती ओळ मी वाचलीच नव्हती.

लॅबला फोन केला. ते म्हणतात, "स्कोप वाढवण्यासाठी अर्ज केलाय, दोन-तीन महिने थांबा, मग हाच रिपोर्ट नव्याने काढून देऊ." हे चालतं का?

आमच्याकडे बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी आहे, तिचा रिपोर्टही आहे. तो दाखवला तर कन्सल्टंट म्हणाले, हा कामाचा नाही. का, ते कळलं नाही. शिवाय ते एलएम-८० (एलईडीचा उजेड काळानुसार किती घटतो याची चाचणी) मागतायत. त्यासाठी लॅबने ६,००० तास सांगितले. हिशेब केला तर २५० दिवस होतात. १४० हाउसिंग पावडर कोटिंग होऊन गाळ्यात वर्तमानपत्रात गुंडाळून पडल्या आहेत, त्यातल्या ६० तर जोडूनही झाल्या. इतके दिवस थांबणं शक्यच नाही.

कोणी या क्षेत्रातलं असेल तर कृपया सांगा. पुढची लॅब निवडताना नेमकं काय बघायचं?

प्रकाशमापक:

ताई, मी बरीच वर्षं फोटोमेट्रीत काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी थांबण्याबद्दल. थांबू नका. स्कोप वाढला की त्यानंतर केलेल्या चाचण्यांना तो लागू होतो. आधी केलेल्या मोजणीवर मागाहून चिन्ह लावता येत नाही. त्यांचा स्कोप वाढला तरी तुमची फिटिंग पुन्हा मोजावीच लागेल.

आता त्या 'पी'बद्दल. एनएबीएलच्या टेस्ट रिपोर्टवरचा यूएलआर नंबर 'टीसी'ने सुरू होतो. मग लॅबचा सर्टिफिकेट नंबर, वर्षाचे दोन आकडे, लोकेशनचा एक, रिपोर्टचा आठ आकडी क्रमांक आणि शेवटी 'एफ' किंवा 'पी'. 'एफ' म्हणजे रिपोर्टमधल्या सगळ्या चाचण्या स्कोपमध्ये आहेत, 'पी' म्हणजे काहीच आहेत. तुमच्या लॅबने नियमाप्रमाणे चांदणी छापली आहे, त्यामुळे रिपोर्ट खोटा म्हणता येणार नाही. पण कोटेशन देतानाच त्यांनी तुम्हाला हे सांगायला हवं होतं, यात मला शंका नाही.

मुळात मान्यता इमारतीला मिळत नाही. ती आयएसओ/आयईसी १७०२५ या लॅबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ठरावीक जागेतल्या, ठरावीक पद्धतीने केलेल्या, ठरावीक चाचणीला मिळते. माझा अंदाज असा की तुमच्या लॅबच्या स्कोपमध्ये इंटिग्रेटिंग स्फिअर आहे आणि गोनिओफोटोमीटर नाही. स्फिअर म्हणजे आतून पांढरा रंग दिलेला पोकळ गोळा. त्यातून एकूण लुमेन, रंगाचं तापमान, सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात) कळतं. पण प्रकाश कुठल्या कोनात किती पडतो हे गोनिओवरच मोजतात आणि आयईएस फाइल (त्या कोनांच्या आकड्यांची संगणक फाइल) तिथूनच निघते. त्या फाइलशिवाय दोन खांबांमधल्या जागेत उजेड पुरेल की नाही याचा हिशेब कन्सल्टंटला मांडता येत नाही. पथदिव्यात सगळ्यात महत्त्वाची चाचणी तीच आणि तुमच्या रिपोर्टमध्ये नेमकी तिच्यावर चांदणी आहे. म्हणून त्यांनी अडवलं, आणि माझ्या मते बरोबर अडवलं.

बीआयएसचं वेगळं आहे. ती नोंदणी सुरक्षिततेची. पथदिव्यांसाठी आयएस १०३२२ भाग ५ विभाग ३. त्यात अर्थिंग, इन्सुलेशन, तापमान, धूळ-पाणी हे तपासतात. तुमचा तो रिपोर्ट त्याच्या जागी बरोबर आहे, पण त्यात फोटोमेट्री नाही. आणखी एक लक्षात ठेवा. बीआयएस नोंदणीसाठी लॅबला बीआयएसची मान्यता लागते, नुसती एनएबीएल तिथे पुरत नाही. लोक हे दोन कायम एक समजतात.

नवीन लॅब निवडताना पाटी बघू नका, फोनवरच्या 'हो'वर जाऊ नका. एनएबीएलच्या साइटवर लॅबचा स्कोप मिळतो. त्यात उत्पादन, मोजायची गोष्ट आणि पद्धत असे रकाने असतात. उत्पादनात एलईडी ल्युमिनेअर (म्हणजे अख्खी फिटिंग) आहे का, मोजायच्या गोष्टीत इंटेन्सिटी डिस्ट्रिब्यूशन आहे का, पद्धतीत आयएस १६१०६ किंवा एलएम-७९ (एलईडी दिवे मोजायची मानकं) आहे का, तिन्ही एकाच ओळीत सापडलं पाहिजे. वर पत्ता असतो, तोही बघा. काही लॅबच्या दोन जागा असतात आणि मान्यता एकाच जागेची असते. वैधतेची तारीख तर बघाच.

तुर्भे_खरेदी:

एलएम-८०चं टेन्शन घेऊ नका ताई. ती चाचणी तुमच्या फिटिंगची नसतेच, एलईडी पॅकेजची (आतल्या सुट्या एलईडीची) असते. पॅकेज बनवणाऱ्या कंपनीने ती आधीच केलेली असते. डिस्ट्रिब्यूटरला नेमका पार्ट नंबर देऊन रिपोर्ट मागा, फुकट मिळतो. लॅब परदेशातली असली तरी घाबरू नका. अमेरिकेची एनव्हीएलएपी, तैवानची टीएएफ, चीनची सीएनएएस या संस्था आपल्या एनएबीएलसारख्याच लॅबना मान्यता देणाऱ्या आहेत आणि त्याच आंतरराष्ट्रीय परस्पर मान्यता करारात आहेत.

आल्यावर तीन गोष्टी ताडून बघा. रिपोर्टमधला करंट तुमच्या करंटपेक्षा कमी नको. त्यातलं केस टेम्परेचर (एलईडीच्या बाहेरच्या भागाचं तापमान) तुमच्या फिटिंगमधल्या सगळ्यात गरम एलईडीच्या तापमानापेक्षा कमी नको. तिसरी गोष्ट तास. टीएम-२१ (एलएम-८०च्या आकड्यांवरून आयुष्य काढायची पद्धत) प्रमाणे किमान २० नमुने असतील तर चाचणीच्या सहापटच आयुष्य सांगता येतं. ६,००० तासांच्या चाचणीवर ३६,०००च्या पुढे जाता येत नाही. तुमच्या स्पेसिफिकेशनमध्ये किती मागितलंय?

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. दोन दिवस यातच गेले.

प्रकाशमापक काका, तुमचा अंदाज बरोबर निघाला. त्या लॅबचा स्कोप उतरवून बघितला. स्फिअरची ओळ आहे, गोनिओची नाही. ही पीडीएफ पैसे भरायच्या आधी पाच मिनिटं वाचली असती तर महिना वाचला असता. फार लागलं मनाला.

दादा, स्पेसिफिकेशनमध्ये ५०,००० तास आहेत. डिस्ट्रिब्यूटरने रिपोर्ट त्याच दिवशी मेल केला. १०,००० तासांची चाचणी, २५ नमुने, १५० मिलीअँपिअर, केस ८५ आणि १०५ अंश. आम्ही १२० मिलीअँपिअरवर चालवतो. काल आमच्या सुपरवायझरने मधल्या एलईडीच्या पॅडला थर्मोकपल (तापमान मोजायची तार) चिकटवून फिटिंग बंद खोलीत चार तास चालू ठेवली. ७१ अंशावर आकडा थांबला. म्हणजे इथे आपण बसतो ना?

अजून एक. ते १२० लुमेन प्रति वॅट मागतात, जुन्या रिपोर्टमध्ये १२२ आले होते. नव्या लॅबमध्ये ११९ आले तर?

तुर्भे_खरेदी:

बसता. नमुने २५ आहेत, म्हणजे सहापट लागू, ६०,०००पर्यंत जाता येतं. त्या ७१ अंशाच्या मोजणीचा फोटो, तारीख आणि खोलीचं तापमान लिहून ठेवा. कन्सल्टंट विचारणारच.

प्रकाशमापक:

१२२ ही काठावरची गोष्ट आहे. प्रत्येक मोजणीला अनिश्चितता असते, फोटोमेट्रीत ती काही टक्के असू शकते. दोन चांगल्या लॅबमध्येही एवढा फरक येतो. म्हणून काम देतानाच 'डिसिजन रूल' लेखी ठरवून घ्या, म्हणजे पास-नापास ठरवताना अनिश्चितता धरणार की नाही. १७०२५च्या २०१७ च्या आवृत्तीत हे स्पष्ट मागितलंय. कन्सल्टंटलाही आधीच विचारा. आणि शक्य असेल तर ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) जरा चांगल्या कार्यक्षमतेचा लावा. प्रति वॅट दोन-तीन लुमेन तिथूनच मिळतील, पण मग नमुन्यात आणि १४० नगांत तोच ड्रायव्हर हवा. ड्रायव्हर बदलला की आधी बीआयएस नोंदणीतल्या सुट्या भागांच्या यादीत तो आहे का ते बघा.

धागाकर्ती:

यादीत दोन ड्रायव्हर आहेत. दुसरा जास्त कार्यक्षमतेचा आहे, महाग म्हणून बाजूला ठेवला होता. आता तोच लावतेय. जोडलेल्या ६० फिटिंग उघडाव्या लागतील, आजपासून बसलोय सगळे.

नवीन लॅबचा स्कोप वाचला, तिन्ही गोष्टी एकाच ओळीत आहेत आणि पत्ताही जिथे फिटिंग द्यायची तिथलाच आहे. कोटेशनवर त्यांच्याकडून लिहून घेतलंय: सर्व चाचण्या स्कोपमध्ये, यूएलआर 'एफ', डिसिजन रूल सोबत. कन्सल्टंटना तोच कागद पाठवला, त्यांनी "चालेल" असं उत्तर दिलं आणि कंत्राटदाराकडून तीन आठवडे मिळवून दिले. सोमवारी सकाळी दोन नमुने घेऊन मी स्वतः जातेय. रिपोर्ट आला की इथे लिहीन.