निवृत्तीनंतर रत्नागिरीत राहायला जायचंय, सल्ला हवा

चिंचवडकर:
नमस्कार मंडळी. माझं वय ६६, सौ.चं ६२. मुलं बाहेर आहेत. चिंचवडचा फ्लॅट विकणार नाही, भाड्याने देऊन रत्नागिरीत राहायला जायचं ठरवलंय. रत्नागिरी शहरातच, आसपासच्या गावात नाही. विकत घ्यायचं तर नोंदणी, मुद्रांक सगळं धरून ३५ लाख, भाड्याने घ्यायचं तर महिना १२ हजार. याच्या वर जायचं नाही, कर्ज काढायचं नाही. २०१९ मध्ये माझी अँजिओप्लास्टी झालीय, सौ.चे गुडघे दुखतात. कुठला भाग बरा? समुद्राजवळचा पावसाळा या वयात झेपेल का? आणि हृदयाचं काही झालं तर सोय काय?

भाट्येकर:
फ्लॅटमध्येच राहायचं तर कोकणात कशाला यायचं? मी जांभ्या चिऱ्याचं घर बांधलं. पुढे पडवी, मागे विहीर, दहा कलमं. सगळं मिळून ७० च्या आत बसलं. पहाटे पडवीत चहा घेताना जे वाटतं ते तिसऱ्या मजल्यावर नाही मिळायचं. जागा घ्या आणि बांधा.

चिंचवडकर:
दादा, घर छान असणार, पण ३५ म्हणजे ३५ च. आणि दहा कलमांची उस्तवार आता होणार नाही.

बापू_देवरुख:
भाट्येकरांशी सहमत. ४-५ गुंठे घेऊन ठेवा, घर हळूहळू बांधता येतं. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, अजून स्वस्त मिळतात.

माजी_तलाठी:
गुंठ्यांचं बोलणाऱ्यांनी आधी एवढं सांगा, चिंचवडकर शेतकरी आहेत का? महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला स्वतः शेतकरी असावं लागतं. नसाल तर बिनशेती झालेलाच प्लॉट बघा आणि बिनशेतीचा आदेश स्वतः वाचा, दलालाच्या तोंडावर जाऊ नका. आमच्याकडच्या सातबाऱ्यावर एकेका जमिनीला वीस-वीस सहहिस्सेदार असतात, निम्मे मुंबईला, काहींच्या वारसनोंदीच झालेल्या नाहीत. कूळ, म्हणजे जमीन कसणारा आणि कायद्याने हक्क असलेला माणूस, लागलेलं असेल तर वेगळंच. एका सहीसाठी वर्षं गेलेली मी बघितलीत. ‘सी टच’ म्हणून जे स्वस्तात दाखवतात तिथे सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध, तपासा. २०१९ च्या अधिसूचनेनुसार कमी दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवीन घर बांधता येत नाही. साठीनंतर या फंदात पडू नका.

अलिबागी:
रत्नागिरीच का? अलिबाग बघा. मांडव्याहून बोटीने तासाभरात मुंबई. आम्ही वेळेवर घेतलं, आता किंमत तिपटीवर गेलीय.

भाट्येकर:
बोट पावसाळ्यात बंद असते, ते सांगा की.

अलिबागी:
रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी मोठी बोट, पावसाळ्यातही चालते. हवामान खराब असेल तेव्हाच थांबते.

सुरंगी:
मूळ प्रश्नावर येऊ या. मी मांडवीजवळ, म्हणजे रत्नागिरीतल्याच समुद्रकिनाऱ्याला, बरीच वर्षं राहिले, आता साळवी स्टॉपला आहे. काका, रत्नागिरीला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण त्रास पावसापेक्षा खाऱ्या वाऱ्याचा आणि ओलीचा. जुलैत कपाट उघडलं की कुबट वास. चपला, पट्टे, पुस्तकं, रेशमी साड्या, सगळ्यांवर बुरशी. कपडे चार दिवस वाळत नाहीत. एसीच्या बाहेरच्या युनिटची कॉइल सडते, खिडक्यांचे गज फुगतात. आमच्या जुन्या इमारतीत गॅलरीच्या स्लॅबमधली सळई गंजून फुगली आणि खालचं प्लास्टर पडायला लागलं. फ्लॅट बघायला जाल तेव्हा आधी गॅलरीच्या आणि बाथरूमच्या छताकडे बघा. तांबूस ओघळ किंवा सळईच्या रेषेत चीर दिसली तर परत फिरा, वरून कितीही नवा रंग असो.

लिफ्टचंही तसंच. लिफ्ट आहे म्हणून चौथा मजला घेऊ नका. पावसात वीज जाते, लिफ्टचे बोर्ड ओलीने बिघडतात. जनरेटर आहे का एवढंच विचारू नका, तो लिफ्टला जोडलाय का ते विचारा. ताईंचे गुडघे दुखतात म्हणता, तर पहिला मजलाच घ्या. तळमजला नको, ओल आणि साप दोन्ही.

बापू_देवरुख:
साप म्हणजे फुरसं. आमच्याकडे पुष्कळ. अंधारात विजेरीशिवाय बाहेर पडायचं नाही.

मिऱ्यावरचा:
ओलीबद्दल सुरंगीताईंनी लिहिलंय तेच सांगतो, ओल फार. आणि वादळांचं कोणी बोललंच नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात मिऱ्याच्या किनाऱ्यावर अख्खं जहाज येऊन बसलं होतं. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. आमचे पत्रे उडाले, भरपाईसाठी मी नुसते अर्ज करत राहिलो.

अलिबागी:
निसर्ग रायगडात धडकलं. खरं नुकसान आमचं झालं.

मिऱ्यावरचा:
पत्रे माझे उडाले, रायगडचे नाही सांगत मी.

परिचारिका_निवृत्त:
हृदयाचं सगळ्यांनी सोडून दिलंय, काका. जिल्हा रुग्णालय शहरातच आहे, आणि २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय, त्यामुळे डॉक्टर वाढलेत. तरी घर ठरवायच्या आधी एक दिवस फक्त याच्यासाठी काढा. कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात ती खोली, कुठे आहे, रात्री दोन वाजता अँजिओप्लास्टी करणारा डॉक्टर गावात असतो की बाहेरून येतो, हे रुग्णालयात समोर बसून विचारा. मोठं काही निघालं तर लोक कोल्हापूर गाठतात. ते सव्वाशे किलोमीटरच्या पुढे आहे, मध्ये आंबा घाट, पावसात दरड आली की रस्ता अडतो. हृदयविकारात पहिला तास-दीड तास मोलाचा. म्हणून समुद्र दिसतो का यापेक्षा रुग्णवाहिका दारापर्यंत येते का ते बघा. टिळक आळीकडच्या जुन्या बोळांत गाडी वळत नाही. स्टेंटची फाइल, जुने ईसीजी आणि गोळ्यांची यादी दाराजवळच ठेवा.

माजी_तलाठी:
सत्तरी पूर्ण झाली की आयुष्मान या सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड काढा, ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, उत्पन्नाची अट नाही.

बापू_देवरुख:
एसटीलाही सवलत आहे. ६५ च्या पुढे अर्धं तिकीट, ७५ नंतर फुकट. महिलांना २०२३ पासून अर्धंच.

चिंचवडकर:
परिचारिकाताई, हे फार कामाचं लिहिलंत, मनापासून आभार. पुण्याला ये-जा कशी करता तुम्ही मंडळी?

भाट्येकर:
स्वतःच्या गाडीने. कराडहून कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूणला हायवे पकडायचा.

मिऱ्यावरचा:
हायवेचं नाव काढू नका. चौपदरीकरण किती वर्षं चाललंय. मलकापूरवरून आंबा घाटानेच या.

सुरंगी:
या वयात सारखं सारखं गाडी चालवणं नको. पुण्याहून रोजची थेट गाडी नाही, पनवेलला जाऊन कोकण रेल्वे पकडायची. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू चालतात, ते धरून चला. स्टेशन गावापासून सहा-सात किलोमीटर लांब, म्हणून कुवारबाव, नाचणे, साळवी स्टॉप हे भाग सोयीचे. मारुती मंदिर परिसरात दवाखाने, बँका, भाजी सगळं पायी. १२ हजारांत तिथे भाड्याने नक्की बघा. विकत घ्यायची घाई नको, आधी एक पूर्ण पावसाळा काढा.

माजी_तलाठी:
बरोबर. भाड्याने घेताना करार नोंदणीकृतच करा. आणि एप्रिल-मेमध्ये पाणी किती वेळ येतं ते घरमालकाला नाही, शेजाऱ्याला विचारा. इतका पाऊस पडूनही मे महिन्यात टँकर मागवणाऱ्या सोसायट्या आहेत.

परिचारिका_निवृत्त:
मीही मारुती मंदिरच म्हणेन.

चिंचवडकर:
मंडळी, जाऊन आलो. मारुती मंदिर आणि नाचणे दोन्हीकडे घरं दाखवली, चांगली होती. रुग्णालयांत बसून ताईंनी सांगितलेले प्रश्न विचारले, उत्तरं लिहून आणली. पण घर मांडवीकडे घेतलं, भाड्याने, ११ महिन्यांचा नोंदणीकृत करार, १२ हजारच. पहिला मजला, गाडी दारात येते, गॅलरीचं छत कोरडं आहे. सौ.ला मारुती मंदिरातून रोज समुद्रावर जाणं जमणार नाही, आणि समुद्रासाठीच तर आम्ही येतोय. ओल सोसू. आता आगोटीला, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीला, काय काय भरून ठेवायचं ते सांगा.

सुरंगी:
साळवी स्टॉपच बरं होतं, काका. असो. तांदूळ, डाळी, कडधान्यं मे महिन्यात कडक उन्हं देऊन घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. मिठाला पाणी सुटतं, बरणीतच ठेवा. रेशमी साड्या चिंचवडलाच राहू द्या.

मिऱ्यावरचा:
मासे खात असाल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. सुकट, बोंबील आधीच घेऊन ठेवा. आणि मांडवीला वारा सरळ अंगावर येतो, खिडक्यांच्या कड्या बदलून घ्या.

भाट्येकर:
भाडं म्हणजे पाण्यात पैसे. पुढच्या वर्षी माझ्याकडे या, शेजारचा बिनशेती प्लॉट दाखवतो.