भावे-सुकथनकर जोडीचा सगळ्यात भारी सिनेमा कोणता? माझं मत ‘अस्तु’ला

रानवाट
सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा एकच सिनेमा निवडायचा झाला तर तुम्ही कुठला निवडाल? कुणालाही विचारलं की लगेच ‘कासव’ म्हणतात, सर्वोत्कृष्ट सिनेमाचं सुवर्णकमळ मिळालंय ना, ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि मग ‘कासव’, ती यादी सगळ्यांना पाठ असते. ‘कासव’ मला आवडतोच, पण माझं मत ‘अस्तु’ला.

कारण सांगतो (ज्यांनी बघितला नाहीये त्यांनी आधी बघा, मग वाचा). चक्रपाणि शास्त्री म्हणजे संस्कृतचे एवढे मोठे विद्वान, डिमेन्शियानं सगळं पुसत चाललंय, मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून जरा दुकानात जाते आणि तेवढ्यात हे रस्त्यानं चाललेल्या हत्तीच्या मागे निघून जातात. एकीकडे शोधाशोध, दुसरीकडे माहुताची बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखं सांभाळते आणि ते तिला आई म्हणायला लागतात. इराला वडील काय होते ते माहितीये, त्यामुळे आत्ता समोर बसलेला माणूस बघताना तिचा जीव तुटतो. चन्नम्माला ते कोण होते याची काही कल्पनाच नाही, तिला फक्त भूक लागलेला एक म्हातारा दिसतो. मायेत ओळख आड येते हे एवढं स्पष्ट मी दुसऱ्या कुठल्या मराठी सिनेमात बघितलं नाही. मोहन आगाशे, इरावती हर्षे, अमृता सुभाष, तिघांचंही काम अफाट. अमृताला सहायक अभिनेत्रीचं आणि सुमित्राताईंना संवादांचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं ते अगदी योग्य माणसांना मिळालं.

पटकथावेडी
तू जे ‘अस्तु’बद्दल म्हणतोयस तेच ‘कासव’ आणखी पुढे नेतो म्हणून माझं मत ‘कासव’. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या एका मुलाला जानकी घरी आणते, तिला त्याचं नावसुद्धा माहीत नसतं, ती त्याला निशू म्हणते आणि तू कोण, कुठला, असं का केलंस, काही म्हणजे काही विचारत नाही. आपल्याकडे डिप्रेशनमधल्या माणसाला आधी प्रश्न विचारतात आणि मग उपदेश करतात, इथे त्याला खोली देतात, जेवण देतात आणि गप्प बसू देतात. आणि जानकी कुणी देवी नाहीये, तिचा स्वतःचा घटस्फोट झालाय, तिला स्वतःला पॅनिक येतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कासवांचा भागसुद्धा नुसता शोभेला नाही. अंडी जपायची, कुत्र्या-कोल्ह्यांपासून राखायची, पण पिल्लं बाहेर आली की उचलून समुद्रात टाकायची नाहीत, वाळूवर सोडायची आणि त्यांचं त्यांना चालू द्यायचं, किनाऱ्यावर खरंच असंच करतात. मदत कुठपर्यंत करायची आणि कुठे थांबायचं हे सगळं त्यात येतं, कुणी भाषण न देता.

जुनाप्रेक्षक
तुम्ही दोघं पुन्हा आजारावरच आलात. डिमेन्शिया, डिप्रेशन, ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया, ‘नितळ’मध्ये कोड, त्यामुळे या जोडीवर आजारावर सिनेमे काढणारे असा शिक्का बसलाय आणि ‘वास्तुपुरुष’ (२००२) लोक विसरून जातात. कूळकायद्यात जमिनी गेलेलं देशमुखी वळणाचं घर, वाड्यात धन पुरलंय म्हणून खणत बसणारी माणसं, आणि आई एकटी ठरवते की या घरानं गावावर जो अन्याय केला त्याची फेड मुलानं डॉक्टर होऊन गरिबांची सेवा करून करायची. उत्तरा बावकरांनी ती आई जी उभी केलीय ना, तिच्यात प्रेम आहे आणि धाकही आहे, मुलावर ती किती ओझं टाकतेय हे तिलाही कळत असतं. तो मुलगा म्हणजे भास्कर, मोठेपणीच्या भास्करच्या भूमिकेत महेश एलकुंचवार आहेत. एका घरातून पूर्ण समाज बदलताना दिसतो, एवढा मोठा आवाका त्यांच्या दुसऱ्या कुठल्याच सिनेमात नाही.

धुकं
‘देवराई’. आणि रानवाट आणि पटकथावेडी दोघांनाही माझा एक प्रश्न आहे. चन्नम्मा परकी आहे, जानकी परकी आहे. परक्या माणसानं थोडे दिवस माया लावणं ही सुंदर गोष्ट आहे, पण ज्याच्या घरात हे रोज आहे त्याचं काय? ‘देवराई’तली सीना शेषची सख्खी बहीण आहे, तिला नवरा आहे, संसार आहे, आणि तो भाऊ कुठल्या क्षणी काय करेल याचा नेम नसताना ती त्याला घरी आणते. तिची चिडचिड, अपराधीपणा, थकवा, मधेच आठवणारं दोघांचं लहानपण, सोनाली कुलकर्णीनं सगळं जराही आरडाओरडा न करता केलंय. अतुल कुलकर्णीच्या शेषबद्दल सगळे बोलतात (बोलायलाच पाहिजे), पण मी तो सिनेमा बहिणीचा मानते. शेवटी सगळं ठीक झालं असलं खोटं आश्वासनही तो देत नाही. पर्यावरणाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळाल्यामुळे की काय, लोक तो जंगलाचा सिनेमा समजतात.

रानवाट
धुकं, मुद्दा पक्का आहे. पण ‘अस्तु’त इराचं रोजचं थकणं आहे की! मधेमधे मागचे प्रसंग येतात त्यात तिचं बापावर ओरडणं आहे, बहिणीशी वाद आहेत, वडिलांना कुठे ठेवायचं हा प्रश्न आहे. उलट तो थकवा आधी दाखवल्यामुळेच चन्नम्माचं सहज असणं अंगावर येतं. एकीचं बरोबर आणि दुसरीचं चूक असं सिनेमा कुठेही म्हणत नाही.

जुनाप्रेक्षक, आवाक्याबद्दल मान्य, पण माझ्या मनात आवाक्यापेक्षा ती तीन माणसंच जास्त राहिली.

ओसरी
‘दिठी’ मोजायचा का? दि. बा. मोकाशींच्या ‘आता आमोद सुनासि आले’ या कथेवरचा. किशोर कदम यांचा रामजी, मुलगा नदीत गेलेला, विठ्ठलावरचा राग, आणि त्याच पावसात गाय अडलेली. मोजत असाल तर माझं मत तिथे.

पटकथावेडी
‘दिठी’ अप्रतिम आहे पण त्यावर दिग्दर्शक म्हणून एकट्या सुमित्राताईंचं नाव आहे, म्हणून जोडीच्या यादीत मी नाही धरणार. एप्रिल २०२१ मध्ये त्या गेल्या आणि मे महिन्यात तो आला, तेव्हा बघताना फार जड गेलं होतं.

जुनाप्रेक्षक
आणि कुणी ‘दोघी’चं नावच काढलं नाही! १९९५, जोडीची पहिली फीचर फिल्म. लग्नाच्या दिवशीच घात होतो, थोरल्या गौरीला मुंबईला पाठवलं जातं, तिथे ती वेश्याव्यवसायात ओढली जाते, तिच्या पैशावर घर चालतं, आणि ती परत आली की त्याच घराला तिची लाज वाटते. पैसे चालतात, मुलगी चालत नाही. धाकटी कृष्णा तेवढी तिच्या बाजूनं उभी राहते. धुकं, तू म्हणतेस ती घरातली माणसं, घरातलं ओझं, त्याची सुरुवात इथे आहे, आणि इथे दोष द्यायला कुठला आजारसुद्धा नाहीये.

धुकं
‘दोघी’तही धाकटी बहीण सोनालीच! नऊ वर्षांनी तीच ‘देवराई’त बहीण म्हणून उभी आहे. या शनिवारी दोन्ही पाठोपाठ बघते आणि मग सांगते मत बदलतंय का ते.