अनुभव धागा: घरात अचानक पैसा आला तेव्हा...

धागाकर्ती

रविवारी दुपारी टीव्हीवर ‘मालामाल वीकली’ लागला होता. प्रियदर्शनचा २००६चा सिनेमा, आमच्या घरात सगळ्यांना पाठ. लॉटरी लागलेला अँथनी तिकीट हातात घट्ट धरून हसऱ्या तोंडानं मरतो आणि मग एकेक करत अख्खं गाव त्या तिकिटाचं वाटेकरी होतं. परेश रावल आणि ओम पुरी एकमेकांना फसवायला लागले की बाबा ठरलेल्या जागी हसतात. या वेळी हसले नाहीत. म्हणाले, “तुझ्या आजोबांचंही असंच झालं होतं.” आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं मी हे!

महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ला सुरू झाली, त्यानंतर चारेक वर्षांनी आजोबांना पाच हजार लागले. गिरगावातली चाळ, दोन खोल्या, सात माणसं. त्यांनी फक्त आजीला सांगितलं. आजीनं फक्त शेजारच्या काकूंना. संध्याकाळी जिन्यापर्यंत माणसं उभी. मागणाऱ्यांना देऊन उरलेल्या पैशांतून आजोबांनी कुणाला न विचारता आत्याच्या लग्नाचं कर्ज फेडून टाकलं. आजीला शिलाई मशीन हवं होतं, ती महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. “दोघांचंही बरोबर होतं,” एवढं बोलून बाबांनी चॅनेल बदललं.

तर तुमच्याकडे काय झालं? लॉटरी, जमिनीचे पैसे, व्हीआरएस, काहीही चालेल. नावं-पत्ते नकोत. आणि ‘पैसा वाईट’ हे प्रवचनही नको, ते व्हॉट्सॲपवर पुष्कळ मिळतं.

सून नंबर दोन

आमच्याकडे आलाच नाही, पण ऐका. सासूबाईंना ‘केबीसी’च्या नावानं २५ लाख लागल्याचा मेसेज आला. नेहमीचीच फसवाफसवी, पण त्यांना काय माहीत! मी ऑफिसातून येईपर्यंत त्यांनी दिनदर्शिकेच्या मागे हिशेब मांडला होता. मुलीला दहा, मोठ्याला दहा, काशीयात्रेला तीन, धाकट्याला (म्हणजे आम्हाला) दोन, ‘कारण त्यांचं भागतंय.’ लॉटरी खोटी निघाली, वाटणी मात्र खरी होती. तो कागद मी जपून ठेवलाय.

धागाकर्ती

कागद लॅमिनेट करून घ्या!

टोमॅटोवाला

आम्ही नारायणगावच्या पट्ट्यातले. जुलै २०२३ आठवतोय ना? वीस किलोचं कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं होतं. आदल्या वर्षी याच टोमॅटोवर आम्ही मेंढरं चारली होती. त्या महिन्यात माझे दोन मेहुणे रात्री बॅटऱ्या घेऊन शेतात झोपायला, एरवी बांधावर यायलाही त्यांचे बूट खराब व्हायचे.

खरी गंमत धाकट्या भावाच्या लग्नाची. वय ३३. चार वर्षांत सतरा ठिकाणी ‘मुलगा चांगला आहे, पण शेती करतो’ ऐकून झालं होतं. जुलैच्या एका आठवड्यात तीन स्थळं चालून आली. एकांनी तर फोनवर शेती किती ते विचारलंच नाही, ‘टोमॅटोचे तोडे किती राहिलेत?’ असं विचारलं. ठरलं असं की पितृपक्ष उलटला की बघायला येतो. तोवर भाव बसला, कॅरेटचे शंभर-दीडशेही मिळेनात. घटस्थापना झाली, दसरा झाला. कुणी आलं नाही. आईनं पोह्यांसाठी वेगळे काढून ठेवलेले काजू दिवाळीत चिवड्यात टाकले.

आलेल्या पैशांत सोसायटीचं कर्ज फिटलं, ठिबक नवं केलं. भाऊ अजून तसाच आहे. यंदा कांदा लावलाय, बघू.

उलव्याचा पोर

आमच्याकडे साडेबारा टक्क्यांचे प्लॉट. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, १९८४ला जासईला गोळीबार झाला, माणसं मेली. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे आमचे काका होते त्या आंदोलनात. त्यातून पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळायला लागले. हा इतिहास आमच्या पिढीतल्या निम्म्या पोरांना येत नाही, प्लॉटचा दर मात्र झोपेत विचारा.

पैसे आले तेव्हा घरात पहिली हळद माझ्या चुलतभावाची. दोन रात्री डीजे, तिसऱ्या रात्री ऑर्केस्ट्रा. नवऱ्यापेक्षा नवऱ्याच्या मित्रांच्या गळ्यात जास्त सोनं. काका मांडवाच्या कडेला खुर्चीत. मध्येच उठून त्यांनी जनरेटर बंद केला. “गोली खाऊन मिलालेली जमीन हाय,” एवढंच म्हणाले. पाच मिनिटं अंधारात सगळे गप्प. मग कुणीतरी जनरेटर पुन्हा चालू केला. पोरं नाचली, काकाही शेवटी नाचले. खोटं कशाला सांगू, मीही नाचलो.

डिचोलीकर

गोव्यातून. खाणी जोरात होत्या तेव्हा आमच्या वाड्यावर दारोदार ट्रक, बँकेच्या कर्जावर. आम्ही तीन भाऊ, तीन ट्रक. पैसा यायला लागला तशा एका घरात तीन चुली झाल्या. भांडण असं नव्हतंच. एकाला फिश करी लवकर लागायची, एकाला उशिरा, आणि तीन फ्रीज घेणं परवडत होतं, एवढंच. २०१२ला खाणी बंद पडल्या, हप्ते थांबेनात. दोन ट्रक मिळेल त्या किमतीला गेले. तिसऱ्याला गिऱ्हाईकच मिळालं नाही, त्याच्या केबिनमध्ये आमची कोंबडी अंडी घालायची. त्या पावसाळ्यात गॅस वाचवायला म्हणून चूल एक केली. आता बरे दिवस आहेत, पण वेगळी करायचा विषय कुणी काढत नाही. मीही नाही.

मेहकरची लेक

लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं.

समृद्धी महामार्गात आमची माहेरची साडेतीन एकर गेली. सरळ खरेदीला भाव चांगला होता. वडील गेल्यावर सातबाऱ्याला आई, दोन भाऊ आणि आम्हा तिघी बहिणींची नावं वारस म्हणून लागली होती. आमची नावं कमी करायचं भावांच्या मनात होतं, राहून गेलं, इतकंच. महाराष्ट्रात मुलींना हक्क १९९४लाच मिळाला, पण माहेरी तो मागितला की माहेर जातं, हे आम्हा तिघींना न शिकवता कळलेलं.

त्या वर्षी मोठा दादा भाऊबीजेला स्वतः घ्यायला आला. वहिनीनं पुरणपोळ्या केल्या. तिघींना सारख्या साड्या, किमतीची चिठ्ठी काढायची विसरलेली, बाराशे पन्नास. जेवणं झाल्यावर दादानं हक्कसोड पत्र काढलं. “रजिस्ट्रीला सगळ्यांनी कशाला हेलपाटे घालायचे?” धाकटा भाऊ ताटातल्या लोणच्याकडे बघत बसला. मी मधली. मी पेन हातात घेतलंही होतं.

कागदाला आईचा अंगठाही लागत होता. तिनं तो शाईच्या पॅडवर दाबला आणि हात वरच धरून ठेवला. “माह्या पोरींचं पहिले बोला, मंग अंगठा.” दादा समजावत होता, वहिनी रडत होती, आईचा निळा अंगठा तसाच हवेत. शाई वाळली. तिनं पुन्हा पॅडवर दाबला, पुन्हा वर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं आणि हसूही येत होतं.

खरेदीला सहाही जणं गेलो. पैसे सहा खात्यांत आले. दादा चार वर्षं माझ्या दारात आला नाही. धाकटा येतो, रिकाम्या हातानं येतो, पोटभर जेवून जातो.

डिसेंबर २०२२ला रस्ता शिर्डीपर्यंत खुला झाला. दादा आईला नव्या गाडीतून दर्शनाला घेऊन गेला. उरलेल्या तुकड्यातली आमची विहीर रस्त्यावरून दिसते म्हणतात. आई म्हणाली, “थांबव रे, विहीर पाहू दे.” तिथं थांबता येत नाही. १२०च्या वेगात तिनं मान वळवेपर्यंत शिवार मागं गेलं होतं.

रात्री तिचा फोन आला. विहीर दिसली नाही म्हणाली. मग जरा थांबून, “टोल त्यानंच भरला वं. तुहं नाव काढलं होतं गाडीत.”

“काय म्हणाला?”

“साडी नेसते का इचारत होता.”