शिंगरू जन्मल्याबरोबर हाताळावं का?

पागावाला (इंदूर):
आपल्याकडची घोडी वरातीत उभी राहणार. म्हणजे बँड, डीजे, फटाके आणि वर ‘थोडी नाचवा ना’ म्हणणारी पोरं. त्याची तयारी जन्मापासून हवी, असं माझं ठाम मत. अमेरिकेतले पशुवैद्य रॉबर्ट मिलर यांनी हीच पद्धत १९९१ च्या पुस्तकातून घोडेवाल्यांपुढे मांडली. शिंगरू उभं राहायच्या आधीच त्याच्या कानांत, तोंडात, पायांवरून हात फिरवायचा, खुराच्या तळव्यावर थापट्या मारायच्या, अंगावरून प्लास्टिकची पिशवी घासायची. अंग ढिलं पडेपर्यंत थांबायचं नाही. धडपडताना सोडलं तर ‘धडपडलं की सुटका’ एवढंच ते शिकतं. आपण काय करतो? वर्षभर मोकळं सोडतो आणि मग नालबंद आला की चार माणसं, दोरखंड आणि लाथा!

महूकर:
नालबंदाच्या तमाशाबद्दल एकदम मान्य. पण पहिला तास तुमचा नाही हो, घोडीचा आहे. साधारण तासाभरात शिंगरू उभं राहावं, दोन तासांत प्यावं, तीन तासांत घोडीची वार पडावी. घोडीच्या पोटात असताना शिंगराला रोगप्रतिकारक द्रव्यं जवळजवळ मिळतच नाहीत, सगळी भिस्त चिकावर. आणि ती आतड्यातून रक्तात जायची सोय पहिल्या काही तासांत सगळ्यात चांगली, दिवसभरात ती बंदच होते. तिथे तुम्ही पिशवी घासत बसणार? त्यात पहिलटकरीण घोडी असेल तर माणसांच्या गडबडीत शिंगराला जवळही घेत नाही कधी कधी.

पागावाला:
चीक पाजू नका असं कोण म्हणतंय? आधी हाताळा, मग पाजा. तासाभराचंच तर काम.

महूकर:
फ्रान्समध्ये रेन विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. जन्मल्यावर तासभर जबरदस्तीने हाताळलेली शिंगरं पहिल्यांदा प्यायलाच उशिरा लागली. पुढे दूध सोडायच्या वयातही ती आईला चिकटून, इतरांशी खेळणं कमी. म्हणजे ज्याला आपण ‘गरीब स्वभाव’ म्हणून कौतुक करू, तो निव्वळ बुजरेपणा असू शकतो.

खरारा:
मला दोघांचंही अर्धंच पटतं. त्याच गटाचा आणखी एक प्रयोग आहे आणि तो आपल्या मोतद्दारांना, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्यांना, बिनखर्चात जमेल. शिंगराला हातच लावायचा नाही. पहिल्या पाच दिवसांत मिळून सव्वा तास फक्त आईला हळुवार खरारा करायचा, म्हणजे ब्रशने अंग घासायचं, हाताने चारा द्यायचा. शिंगरू आधी आईच्या पलीकडून बघतं, मग मान लांब करून बाही हुंगतं. अशी शिंगरं पुढे माणसाजवळ आपणहून आली, पाठीवर खोगिराखालची गादीही त्यांनी लवकर ठेवू दिली. आई माणसाला बुजत नाही हे बघूनच ती शिकली. यात घोडी शांत हवी, ही अट आलीच. माणूस दिसला की रागाने कान पाडणाऱ्या घोडीचं शिंगरू तेच शिकेल.

सियागंजवाली:
हात लावायचाच नाही हे कागदावर ठीक. नाळेला जंतुनाशक कोण लावणार, आणि काळी घट्ट विष्ठा अडकली तर एनिमा कोण देणार? तेवढं करावंच लागतं, पटकन करून बाजूला व्हावं. पण मला भीती उलट्या टोकाची वाटते: लाड. बाटलीवर वाढवलेला नर तबेल्यात पाहिलाय का कुणी? लहानपणी खिसे हुंगतो तेव्हा सगळे हसतात. दोन वर्षांचा होऊन तोच माणसाच्या खांद्यावर पुढचे पाय टाकतो, तेव्हा मोतद्दाराचा जीव जातो. आणि एक, मोहरकी (तोंडाभोवतीची दोरी) घालून खांबाला बांधू नका. शिंगरू मागे ओढ घेतं आणि मानेला इजा होते. पुठ्ठ्यामागून, म्हणजे ढुंगणामागून, दोरी फिरवून आईच्या मागोमाग चालवा.

पागावाला:
पुठ्ठ्यामागची दोरी पटली. खराऱ्याचंही करीन, आमची घोडी शांतच आहे. पण खूर उचलायला मी महिनाभर थांबणार नाही. तिसऱ्या दिवशी उचलणार म्हणजे उचलणार.

महूकर:
तिसऱ्या दिवशी उचला की! फक्त शिंगरू आपणहून जवळ येऊन उभं राहिलं असेल तरच, आणि दोन क्षणांत खाली ठेवा. कोपऱ्यात कोंडून, दोघांनी धरून उचलणार असाल तर तुमची पद्धत आणि नालबंदाचा तमाशा यात फरक काय राहिला?

पागावाला:
फरक वजनाचा, साहेब. आज पन्नासेक किलो, दोन वर्षांनी साडेतीनशे.

खरारा:
म्हणून तर आज जोर लावायची सवय नको.