कुरूप, कॉर्न कॅप आणि वडिलांची साखर
वडिलांच्या पायाला झालेल्या कुरूपावर काय करावं, असं तुम्ही विचारलंय आणि त्यावर कॉर्न कॅप, म्हणजे कुरूपावर चिकटवायची औषधी पट्टी, लावा असं एकांनी सुचवलंय. पण त्यांना 15 वर्षांपासून मधुमेह आहे, म्हणून कळकळीनं सांगते, ती लावू नका. त्या पट्टीत सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं. ते कुरूप आणि आजूबाजूची चांगली कातडी असा भेद करत नाही. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असली, तर आग होत असूनही कळत नाही. घरी ब्लेडनं खरवडणं तर नकोच.

माझ्या आईच्या चपलेत दिवसभर खडा टोचत होता, तिला पत्ताच नाही. फरशीवर रक्ताचा ठसा दिसला तेव्हा कळलं. मग डॉक्टरांनी 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवून स्पर्श कळतो का, ते पाहिलं. अजिबात न दुखणारी, काही मिनिटांची तपासणी आहे. वडिलांची वर्षातून एकदा तरी करून घ्या.

पायाला फोड आला, जखम झाली, बोट काळंनिळं दिसलं किंवा एकच पाऊल लाल, गरम आणि सुजलेलं वाटलं, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दाखवा. या शेवटच्या लक्षणाकडे लोक मुरगळलं असेल म्हणून दुर्लक्ष करतात, आणि आतली हाडं ढासळत जातात.

बाकी पावसाळ्यातल्या चिखल्यांना बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणं आणि बुरशीवरचं मलम बहुधा पुरतं. मधुमेह असेल तर मात्र तेही डॉक्टरांना विचारूनच.